दोन इंची पाइप आणि पॉइझ्युलीचं सूत्र

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गातली बरीच मुलं दिंडोरी, निफाड, चांदवड, सिन्नरकडून एसटीनं येतात. त्यांतली पुढे याच विषयात एम.एस्सी. करणारी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकीची कुणी बी.एड.ला जातात, कुणी एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसतात, कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागतात आणि बरीचशी घरच्या द्राक्षबागेत परततात. त्यामुळे दर जूनला एखादा पालक तरी विचारतोच, "सर, ह्या फिजिक्सचा पोराला उपयोग काय?" मी आजवर दिलेलं उत्तर प्रवेशपुस्तिकेतलं असायचं: तर्कशुद्ध विचार, विश्लेषणाची सवय वगैरे. ते खोटं नव्हतं. पण तसं काही कुणाच्या डोक्यात घडताना मी स्वतः पाहिलं होतं का? खरं सांगायचं तर नाही. २०२४-२५ च्या पहिल्या सत्रात एकदा पाहायला मिळालं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. त्यात माझीही एक चूक आहे, तीही लिहितो.

विद्यार्थ्याचं नाव देत नाही. वर्गात त्याला सगळे 'आबा' म्हणत, कारण अठराव्या वर्षीच तो पारावरच्या म्हाताऱ्यासारखा बोलायचा. दिंडोरी तालुक्यातलं गाव, घरी द्राक्ष. बारावीला गुण बेताचे. प्रयोगशाळेत त्याचं रीडिंग नेहमी जुळलेलं असायचं आणि ते कसं जुळलेलं असतं हे त्यालाही ठाऊक होतं नि मलाही. केशनळीतून पाणी सोडून त्याची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, काढायचा प्रयोग आमच्याकडे आहे. उत्तर ०.०१ पॉइजच्या आसपास यावं लागतं, हे मुलांना सीनियरच्या जर्नलवरून आधीच माहीत असतं. मग उत्तरावरून उलटं निघून निरीक्षणं लिहिली जातात. आबाच्या जर्नलमध्ये उत्तर इतकं अचूक होतं, की त्या दिवशीच्या उकाड्यात पाण्याची विष्यंदिता मुळात तेवढी असूच शकत नव्हती. तापमान वाढलं की पाणी पातळ होतं. तीस अंशांना ती ०.००८ च्या घरात येते. मी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं आणि सही केली. आमच्याकडे दोन्ही एकत्र चालतं.

घरचा वाद

दिवाळीच्या सुट्टीआधी आबा स्टाफरूममध्ये आला. त्याच्या घरी तेव्हा एक वाद रंगला होता.

विहीर ओहोळाच्या कडेला आणि द्राक्षाचा वरचा प्लॉट चढावर. विहिरीत पाच एचपीची ओपनवेल मोटार. तिथून प्लॉटपर्यंत हजारेक फूट मेनलाइन, तीही दोन इंची. आबाच्या आजोबांनी ती टाकली तेव्हा वर द्राक्ष नव्हतंच, टोमॅटो होता. आता ऑक्टोबर छाटणी होऊन फुटी निघाल्या होत्या आणि वरच्या प्लॉटच्या शेवटच्या ओळींना पाणी पुरत नव्हतं. थ्री फेज लाइट मिळायची ती ठरलेल्या आठ तासांची, तेवढ्यात सगळे व्हॉल्व्ह फिरवून होईनात.

आबाच्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, मत पक्कं होतं: मोटार थकली. मोटारीच्या दुकानदारानं त्यात भर घातली, "साडेसातची टाका, डोक्याला ताप नको." ठिबकवाल्या फिटरचं म्हणणं वेगळं, "मोटार चांगलीये नाना, पाइप बारीक पडतोय, तीन इंची करा." आता मोटारवाला मोटार विकतो आणि फिटर पाइप. दोघंही अनुभवी, दोघंही ओळखीचे, आणि दोघांचाही आपापल्या सल्ल्यात चार पैशांचा फायदा. नानांचा कौल मोटारीकडे होता, त्यालाही कारण होतं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत झाली. म्हणजे मोठी मोटार जादा वीज खाणार, पण ती बिलात दिसणार नाही. ऊर्जा वाचवा म्हणून शेतकऱ्याला पटवायला जाणाऱ्या माणसानं हा मुद्दा लक्षात ठेवावा. तिथं आमचं 'ऊर्जा अक्षय्यतेचा नियम' हे प्रकरण एकदम बिनपगारी होऊन जातं.

आबाला मी हा प्रश्न दिलेला नव्हता, तो घरात पडलेला होता. तो विचारायला आला होता एवढंच, की "सर, पाच एचपीनं किती पाणी चढायला पाहिजे, हे काढता येतं का?"

काढता येतं, म्हटलं. आधी मोजून आण.

ड्रम, मोबाइल आणि गवंड्याची नळी

दिवाळीनंतर तो वही घेऊन आला. फवारणीचा २०० लिटरचा ड्रम प्लॉटवर मेनलाइनच्या तोंडाशी, फिल्टरच्या अलीकडे ठेवून त्यानं भरायला लागणारा वेळ मोबाइलवर घेतला होता. पाच वेळा: ४४, ४६, ४५, ४५, ४७ सेकंद. वहीत ४७ ला गोल करून शेजारी लिहिलं होतं, 'लाइट डिम होती.' मी त्या गोलाकडे बराच वेळ पाहत राहिलो. जर्नलमध्ये याच पोरानं कधी एक आकडासुद्धा वाकडा येऊ दिला नव्हता. इथं जुळवायचं कशाशी, तेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे आकडे जसे आले तसे राहिले. प्रयोगशाळेत उत्तर माहीत असणं हाच खरा घोटाळा आहे, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

चढ मोजताना मोबाइलनं दगा दिला. उंची दाखवणारं ॲप एकाच जागी उभं राहून दर वेळी वेगळा आकडा देत होतं. आबानं मग गावातल्या गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली आणि चुलतभावाला बरोबर घेऊन टप्प्याटप्प्यानं चढ मोजला: विहिरीच्या काठापासून ड्रमपर्यंत १३ मीटर. काठापासून पाणी ९ मीटर खाली. एकूण २२.

इथून पुढचं गणित अकरावीचं. दर सेकंदाला ४.४ लिटर पाणी, म्हणजे ४.४ किलो, ते २२ मीटर चढवायला सुमारे ९५० वॅट लागतात. एक एचपी ७४६ वॅटचा, म्हणजे पाच एचपीचे ३,७३० वॅट. जेमतेम पाव हिस्सा हाती लागत होता. कुठेही काही वाया गेलं नसतं तर ड्रम १२ सेकंदांत भरायला हवा होता. पंप आदर्श नसतो, अर्धी शक्ती त्याच्या पोटात जिरते असं धरलं तरी २३-२४ सेकंद. प्रत्यक्षात ४५.

"निम्मं पाणी कुठं जातंय सर?"

माझ्या मते हे प्रकरण या वाक्यापाशी सुरू झालं. पाणी कमी येतंय, हे नानांना सहा महिने दिसत होतं. 'कमी' म्हणजे किती, कशापेक्षा, हे कुणी म्हटलं नव्हतं. आबाकडे आता अपेक्षेचा एक आकडा होता आणि वास्तव त्याच्याशी भांडत होतं. अपेक्षेचा आकडा हातात नसेल तर माणूस कुरकुरतो. तो असला तर शोधायला लागतो.

माझी चूक

आबानं शोधलंही. घर्षण असणार, हे त्याला सुचलं. पाइपमधल्या द्रवाच्या घर्षणासाठी आम्ही त्या सत्रात एकच सूत्र शिकवलं होतं: पॉइझ्युलीचं. त्यात दाबातली घट प्रवाहाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. आबानं ३०० मीटर लांबी, ५८ मिलिमीटर आतला व्यास, विष्यंदिता, सगळं एसआय एककांत नीट बसवलं. उत्तर आलं सुमारे ४,८०० पास्कल. उंचीत सांगायचं तर अर्धा मीटर.

बावीस मीटरच्या चढापुढे अर्धा मीटर म्हणजे नगण्य. म्हणजे पाइपचा दोष नाही. म्हणजे नाना बरोबर, मोटारवाला बरोबर.

मी वही चाळली. एककं तपासली, घातांक तपासले, गुणाकार तपासला. "गणित बरोबर आहे," म्हटलं. आबा गेला. वाटेत त्यानं नानांना फोन केला असावा.

त्या रात्री मी चाचणीचे पेपर तपासत होतो. पाच गुणांसाठी पॉइझ्युलीच्या समीकरणाची सिद्धता विचारली होती. आबाचा पेपर आला. सुंदर सिद्धता, आकृतीसकट. पहिली ओळ: 'नळीतील प्रवाह धारारेषीय आहे असे मानू.' मी पाचपैकी पाच दिले, पान उलटलं आणि मग हात थांबला.

ही ओळ मीही दर वर्षी फळ्यावर लिहितो. मुलं ती पाठ करतात. लग्नात मंगलाष्टकांआधी अक्षता वाटतात तशी ती सिद्धतेआधी वाटली जाते. कुणी न वाचता टाकली तरी लग्न लागतंच. आबानं ती अचूक लिहिली होती आणि मोटारीच्या गणितात तिचा पत्ता नव्हता. तपासताना मलाही ती आठवली नव्हती. वीस वर्षं शिकवून.

पॉइझ्युली हा पॅरिसचा डॉक्टर. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं, हे त्याला समजून घ्यायचं होतं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत त्यानं काचेच्या अतिबारीक नळ्यांवर प्रयोग केले. तिथं पाणी धारारेषीय, म्हणजे शिस्तीत, थरांवर थर सरकत वाहतं. आमची केशनळीही त्याच गोत्राची. पण नळी रुंद झाली नि वेग वाढला, की ही शिस्त मोडते. कधी मोडते, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं: आधी सरळ रेघ, मग अचानक सगळ्या नळीभर विस्कटलेला रंग. वेग, व्यास आणि विष्यंदिता यांतून निघणारा त्याचा अंक साधारण २,००० च्या आत असेल तर पॉइझ्युलीचं राज्य. आबाच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला १.७ मीटर होता. मी रेनॉल्ड्स अंक काढला, तो एक लाखाच्या जवळ आला.

म्हणजे आम्ही दोघांनी निर्दोष गणित करून नानांना चुकीच्या दुकानात पाठवायची तयारी केली होती. आणि अंदाजानं बोलणारा फिटर बरोबर होता.

दुसरं गणित

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं सांगितलं, आबाची परवानगी घेऊन. वर्गाला धारारेषीय आणि खळाळता प्रवाह यांतला फरक व्याख्येनं समजत नाही. पण गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या भोवती पाणी कसं घुमतं, हे नाशिकच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून तर गाव पूर मोजतं. "पुढे सरकायच्या नादात पाणी स्वतःभोवतीच किती फिरतंय बघा," म्हटलं, "ती फिरायची ऊर्जा कुणाच्या खिशातून जाते?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नानांच्या." आबाही हसला.

खळाळत्या प्रवाहाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात नाही. अभियंते तो डार्सी आणि वाइसबाख यांच्या सूत्रानं करतात आणि त्यातला घर्षणांक आलेखावरून घेतात. गुळगुळीत प्लॅस्टिक पाइपसाठी आमच्या रेनॉल्ड्स अंकाला तो ०.०१८ च्या आसपास येतो. मी सूत्र आबाला दिलं, सिद्धता दिली नाही. त्यानं काढलेलं उत्तर: १३ मीटरहून थोडं जास्त. आधीच्या अर्ध्या मीटरच्या जागी. सत्तावीस पट.

इथं एखाद्यानं समाधान मानलं असतं. पहिल्या गणितानं तोंडावर पाडल्यामुळे असेल, आबाचा आता सूत्रावर विश्वास नव्हता. "सर, हे पण कुठल्या तरी ओळीवर उभं असेल," तो म्हणाला. गुणपत्रिकेत या वाक्यासाठी रकाना नाही.

मग आम्ही बसून मोजायची रीत ठरवली. ठिबकवाल्याकडून दाबमापक उसना घेऊन तो विहिरीच्या काठावर मेनलाइनला लावायचा. मोटार बंद केल्यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, पाणी अडवून धरतो आणि पाइप भरलेला राहतो. तेव्हा काटा फक्त चढाचा दाब दाखवणार. मोटार चालू केली की चढ अधिक घर्षण. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ घर्षण. सूत्र नको, घर्षणांक नको, पॉइझ्युली नको नि डार्सी नको.

रविवारी त्यानं ते केलं. मोटार बंद: १.३ किलो. मोटार चालू: काटा थरथरत २.८ वर. शेतात दाब 'किलोत' बोलतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर इतके किलो, आणि एक किलो म्हणजे पाण्याची दहा मीटर उंची. फरक दीड किलो, म्हणजे १५ मीटर. गणितात धरलेले नव्हते ते बेंड आणि व्हॉल्व्ह मिळून उरलेले दीड-दोन मीटर सहज होतात.

आबानं संध्याकाळी मला फोन केला तो या १५ साठी नव्हता. "सर, बंद मोटारीला १.३ आलं. तेरा मीटर! नळीनं मोजलं होतं तेवढंच!" गवंड्याची नळी आणि ठिबकवाल्याचा दाबमापक यांची आपापसांत ओळख नसताना त्यांनी एकच साक्ष दिली होती. त्याला एवढा आनंद झालेला मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही पाहिलेला नाही.

नानांची सुधारणा

आता हिशेब मांडता येत होता. खळाळत्या प्रवाहात घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गानं वाढतं. साडेसातची मोटार त्याच पाइपातून पाणी रेटणार, ते वाढलं की घर्षण त्याहून जोरात वाढणार. दीडपट मोटारीनं पाणी तीसेक टक्केच वाढेल, असा आमचा अंदाज निघाला. उलट व्यास वाढवला तर घर्षण पाचव्या घातानं उतरतं. तीन इंची पाइपात, म्हणजे आतून ८४ मिलिमीटर धरले तर, तेवढ्याच पाण्याला १३ मीटरचे दोन-अडीच मीटर होतात. आहे त्याच मोटारीनं तेवढंच तीसेक टक्के पाणी वाढतं.

तीन इंची पाइपचा हिशेब चारी खोदण्याच्या मजुरीसकट मोटारीच्या जवळपास येत होता, थोडा वरच. आणि वीज मोफत. नाना तयार होईनात. मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा ओट्यावर बसून हे बोलणं झालं. आबानं वही काढली, पण नानांनी वहीकडे पाहिलं नाही. "मला नुसतं सांग, पाणी निम्मं केलं तर घासारा किती?"

"पाव, नाना."

नाना गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या काकाची जुनी दोन इंची लाइन पडून हाये ना बांधाला. तीच जोडीनं टाकली तर? निम्मं हिकडून, निम्मं तिकडून."

आबा माझ्याकडे पाहू लागला आणि मी आबाकडे. समांतर जोडणी विजेच्या प्रकरणात आम्ही दर वर्षी शिकवतो. पाण्याच्या पाइपला ती लावायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. आबानं तिथंच आकडा काढला: प्रत्येक पाइपात निम्मं पाणी, म्हणून १३ च्या जागी साडेतीन-चार मीटर. तीन इंचीपेक्षा थोडं जास्त, पण पाइपचा खर्च शून्य.

मला यात नानांच्या हुशारीइतकंच आबाचं 'पाव' महत्त्वाचं वाटतं. त्यानं वडिलांपुढे समीकरण ठेवलं नाही. ज्याच्यावर पुढचा माणूस विचार करू शकेल असं एक वाक्य ठेवलं. असं वाक्य तयार करायला समीकरण आतून कळलेलं असावं लागतं. वर्गात आम्ही याची परीक्षा घेत नाही.

जोडलाइन टाकायला चार दिवस गेले. दोन सांधे गळले, पुन्हा सोल्युशन लावावं लागलं. मोटार सुरू करण्याआधी वायरमन आला आणि त्यानं एक प्रश्न विचारून मला पुन्हा गप्प केलं, "सर, आता हेड कमी झालं, मोटार जास्त ॲम्पिअर ओढंल. बघितलं का?" हेड म्हणजे पंपाला पेलावी लागणारी एकूण उंची, चढ अधिक घर्षण. मला वाटत होतं की विरोध कमी झाला तर मोटारीला आराम मिळेल. घरी येऊन पुस्तक उघडलं. शेतात असतो तशा सेंट्रिफ्यूगल पंपात उलटं होतं: अडथळा कमी झाला की पाणी जास्त जातं आणि मोटारीवरचा भार वाढतो. वायरमननं टाँगटेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला. करंट वाढला होता, पण मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. ठीक आहे म्हणाला.

ड्रम ३७ सेकंदांत भरला. काठावरचा काटा २.८ वरून २.१ वर आला.

आबाला नेमकं काय मिळालं

याच वर्गाला मी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी 'फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी देतो. डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी ती १९९२ साली प्रसिद्ध केली. आकडेमोड जवळजवळ नाही. न्यूटनचे नियम खरोखर कळलेत की नुसते पाठ झालेत, एवढंच ती पाहते. आबाला आधी ३० पैकी ९ मिळाले होते, शेवटी १४. मिळवता येण्याजोग्या २१ गुणांपैकी ५ मिळवले, म्हणजे ०.२४. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले होते. नुसत्या व्याख्यानांनी शिकवलेल्या वर्गांची सरासरी वाढ ०.२३ निघाली आणि मुलांना चर्चेत, कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांची ०.४८. आबा म्हणजे अगदी व्याख्यानाच्या वर्गातला सरासरी विद्यार्थी. वर्ग माझा, तेव्हा हा आकडा माझाही आहे.

हार्वर्डच्या एरिक मॅझुर यांनी हिच्या आधीची, हेस्टेनिस यांचीच तशी चाचणी त्यांच्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? आबाच्या बाबतीत जे घडलं ते बहुधा एवढंच, की ड्रम भरण्याच्या निमित्तानं काही आठवडे या दोन उत्तरांमधली भिंत पडली. न्यूटनच्या नियमांबाबत ती अजून उभी आहे. फेकलेल्या चेंडूवर वर जाताना 'हाताचं बल' असतं, असं त्यानं शेवटच्या चाचणीतही लिहिलं. एका पाइपवरून सगळं भौतिकशास्त्र सुधारत नाही.

पण नानांच्या ओट्यावर दोन विक्रेत्यांचे दोन सल्ले होते आणि दोन्ही सल्ले देणाऱ्यांना आबापेक्षा जास्त अनुभव होता. फिटरला उत्तर माहीतही होतं. आबाकडे त्यांच्याहून जास्त ज्ञान नव्हतं. कोण बरोबर हे मोजून ठरवायची एक रीत होती, आणि ती रीत आधी त्याच्या स्वतःच्याच सूत्रावर उलटली होती. फिटरनं सांगितलं असतं नि नानांनी ऐकलं असतं, तरी पाणी वाढलंच असतं. मग पुढच्या वेळी कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न मात्र तिथंच राहिला असता.

माझ्या बाजूनं दोन गोष्टी बदलल्या. पॉइझ्युलीच्या सिद्धतेचे पाच गुण आता तीन केले आहेत, आणि उरलेल्या दोनांसाठी विचारतो: 'पहिल्या ओळीतलं गृहीतक खोटं ठरेल असं तुमच्या घरातलं किंवा शेतातलं एक उदाहरण आकड्यानिशी द्या.' पहिल्या वर्षी निम्म्या पेपरांत ती जागा कोरी राहिली. दुसरी गोष्ट म्हणजे केशनळीच्या प्रयोगात आता पाण्यात साखर विरघळवून देतो, दर गटाला वेगळ्या प्रमाणात, आणि प्रमाण सांगत नाही. सीनियरचं जर्नल उपयोगाचं राहिलं नाही. मुलं वैतागली आहेत. प्रयोगशाळा साहाय्यक तर जास्तच, कारण मुंग्या लागतात.

वरच्या प्लॉटच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचायला लागलं, पण दोन ओळी कोरड्याच राहिल्या. दाब पुरेसा होता, लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकची नळी, फुटलेली नव्हती. आबा एक दिवस खिशातून ड्रिपर काढून माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. तोंडाशी पांढरा, कडक थर जमलेला.

"सर, हे आपलं नाही ना? केमिस्ट्रीच्या मॅडमना दाखवू?"